लॉकर निवडता निवडता: मूल ते जिवती, जिवती ते धानोरा

शुक्रवारी सकाळी सहाला मी दुकानाच्या शटरवर 'तीन दिवस बंद' असा कागद चिकटवला आणि नवऱ्याला सांगून टाकलं, "सोमवारी हे शटर उघडेल तेव्हा लॉकर ठरलेला असला पाहिजे. नाहीतर जीप विकून टाकू."

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात माझं चष्म्याचं दुकान आहे. महिन्यातून दोनदा मी तपासणीच्या काचांची पेटी, फ्रेमांचे डबे आणि तयार चष्मे घेऊन धानोऱ्याच्या आतल्या गावांत जाते. त्यासाठी एक जुनी डिझेल जीप आहे, फोर-बाय-फोर, माझ्या नावावरची आणि मीच चालवते ती. नवरा, म्हणजे प्रकाश, कॉलेजात गणित शिकवतो आणि गाडी चालवत नाही. त्याला गाडीबद्दल वाचायला मात्र फार आवडतं.

मागच्या वर्षी पावसाळ्यात एका गावाच्या अलीकडच्या नाल्यात मी फसले. मागचं डावं चाक चिखलात गरगर फिरत होतं आणि उजवं कोरड्या दगडावर ढिम्म उभं होतं. ट्रॅक्टर येईपर्यंत चार तास गेले आणि चष्मे तसेच परत आले. ज्यांच्या नाकावर ते बसायचे होते त्या बायका पलीकडे, अर्ध्या किलोमीटरवर, वाट बघत बसल्या होत्या.

असं का होतं ते प्रकाशने मला इतक्या वेळा समजावलंय की मी झोपेतही सांगू शकेन. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या धुरीच्या मधोमध दातेरी चक्रांची एक पेटी असते, डिफरेन्शियल. ती दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते. डांबरावर हे उत्तम. चिखलात मात्र जे चाक निसटतं तेच फिरत राहतं आणि ज्याला पकड आहे ते बघत बसतं. फोर-बाय-फोर लावलं तर मागचं एक आणि पुढचं एक अशी दोन फिरतात, दोन बघतात. लॉकर म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना एकत्र बांधणारं यंत्र. आमच्या जाऊबाईंना लॉकर म्हटल्यावर बँक आठवली. "एवढे दागिने केव्हा केले व?" असं त्यांनी मला हळूच विचारलं.

तर असा लॉकर बसवायचा हे ठरून आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत प्रकाशने दोनशे पानी वही भरली. लॉकरचे प्रकार तीन: आपोआप लागणारा, हवेवर चालणारा, अर्धवट पकडणारा. तक्ते, बाणांच्या आकृत्या, लाल पेनाने अधोरेखा. दर रविवारी तो निष्कर्षाजवळ यायचा आणि सोमवारी कुठल्यातरी परदेशी माणसाने कुठेतरी काहीतरी लिहिलेलं वाचून मागे फिरायचा. मग यंदाच्या पावसातही तिथे जाणं झालं नाही आणि त्या गावच्या आशा कार्यकर्त्या ललिताताईंचा धानोऱ्याहून फोन आला: "बाई, म्हाताऱ्या विचारून राह्यल्या, चश्मेवाली येते का नाई म्हणून." त्या दिवशी माझा संयम संपला.

पहिला दिवस जिवतीचा, दुसरा गडचिरोलीच्या गॅरेजचा, तिसरा चष्मे घेऊन त्याच गावाचा असं ठरलं. जिवतीला गोविंदराव नावाचे एक शेतकरी आहेत, प्रकाशला मोबाईलवरच्या जीपवाल्यांच्या गटात भेटलेले. त्यांच्या जुन्या जीपमध्ये आपोआप लागणारा लॉकर आहे आणि ते चालवून बघायला देणार होते. मूलहून चंद्रपूर, मग राजुरा, गडचांदूर आणि वर घाट. चंद्रपुरात तर्री-पोहे खाऊन घ्या, कारण पुढे गडचांदूरपर्यंत ट्रकांच्या मागे नुसती धूळ खायची आहे. जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. नऊनंतर ओव्हरटेक करण्यातच आयुष्य जातं. घाट चढलात की मात्र हवा बदलते. आश्विनाची सुरुवात होती, सोयाबीन पिवळं पडून कापणीला आलं होतं, कपाशीत एखाददुसरं बोंड फुटलेलं. आदल्या दिवशी पाऊस पडून गेल्यामुळे रस्ता ओला होता.

गोविंदरावांचे वडील नांदेडकडून इथे येऊन स्थायिक झाले, बोली तिकडचीच राहिली आहे. त्यांनी चहा दिला, जीपचं बॉनेट उघडलं आणि सगळं प्रकाशला समजावून सांगायला सुरुवात केली.

"लई दणकट हाय बघा साहेब. बटन नाही, पाईप नाही, वायर नाही. पेटीच्या आत बसला की विसरून जायचं."

"चालवणार मी आहे," मी म्हटलं.

"हो हो मॅडम," ते म्हणाले आणि पुन्हा प्रकाशकडे वळले.

प्रकाशने वही काढली. मी हात पुढे करून किल्ली घेतली.

खरं सांगायचं तर त्यांच्या शेतामागच्या ओहोळात ती जीप बकरीसारखी चढली. डाव्या चाकाखाली सुटे दगड, उजव्याखाली गाळ, आणि दोन्ही चाकं एकाच वेळी फिरून गाडी वर आली. मला मोह झाला. मग तीच जीप मी घाटातल्या रस्त्यावर नेली, तिथे एक ओलं वळण लागलं. मी पाय उचलला, पुन्हा दाबला, तशी मागून लॉकर लागल्याचा 'खट्' असा आवाज झाला आणि गाडीचा मागचा भाग हातभर बाहेर सरकला. खाली दरी होती. मी गाडी सावरून कडेला उभी केली. गोविंदराव शेजारच्या सीटवरून हसत म्हणाले, "मॅडम घाबरल्या! सवय होती हो त्याची. हळूहळू कळतंय कुठं पाय उचलायचा नाही ते."

"तुम्ही किती वेळा सरकलात?" मी विचारलं.

"सुरुवातीला? दोनतीनदा. एकदा तुरीत गेलतो."

जेवण मात्र त्यांच्याकडे अप्रतिम झालं. ज्वारीची भाकरी, ठेचा, दही. घरच्या काकूंनी मला आत नेऊन विचारलं, "ती गाडी कट्कट् कट्कट् करती, तुमाला चालंल का? मला तर तिच्यात बसलं की दात वाजल्यासारखं होतं." दिवसभरातला सगळ्यात उपयोगी सल्ला हाच. सरळ रस्त्यावर तो लॉकर गप्प असतो, पण प्रत्येक वळणावर मागून कोणीतरी बोटं मोडत बसल्यासारखा आवाज येतो.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "हा नको." प्रकाश म्हणाला, "पण चिखलात तर उत्तम चालला नं. निम्मे मुद्दे त्याच्या बाजूने आहेत." आणि त्याने दिवे लागायच्या वेळी, गडचांदूरच्या ट्रकांच्या रांगेत, गाडीतला छोटा दिवा लावून वहीत 'जिवती निरीक्षणे' असं शीर्षक लिहिलं. मी समोरच्या ट्रकला हॉर्न दिला. बोलले असते तर त्याला तिथेच उतरवलं असतं.

दुसऱ्या दिवशी घरूनच निघालो. मूल, सावली, व्याहाड आणि वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. दीड तास धरा. दोन्ही बाजूंना धान निसवायला आलेलं, बांध्यांत पाणी अजून चमकत होतं. हा रस्ता मला मनापासून आवडतो. त्या दिवशी शेजारच्या सीटवरून अर्धवट पकडणाऱ्या प्रकाराचं वाचन चालू होतं, त्यामुळे आवडला नाही.

गडचिरोलीत इस्माईलभाईंचं गॅरेज आहे. साठीचे गृहस्थ, चष्मा कपाळावर, बोलणं कमी. बाकावर एक ट्रकवाला चहा पीत बसला होता. आम्ही कशाला आलोय हे कळताच त्याने न विचारता निकाल दिला: "कायले एवढा खर्च करता? आतून वेल्डिंग मारून टाका. दोन्ही चाकं जनमभर एकत्र."

"अन् वळताना?" मी विचारलं.

"वळताना टायर घासते थोडे. कधीकधी एक्सल तुटते."

प्रकाशने तेही लिहून घेतलं. मी डोळे मिटून घेतले.

इस्माईलभाईंनी वही बघायला मागितली, चार पानं उलटली आणि विचारलं, "साहेब, यात सगळं हाय. पन तुमच्या गाडीचा एक्सल कोन्ता हाय, त्याच्या दांडीले खाचा किती, ते कुठी लिहिलं?"

प्रकाशने कंपनीचं पुस्तक पाठ असल्यासारखा आकडा सांगितला.

"हे पुस्तकातलं झालं. गाडी खोलून पाह्यली?"

नव्हती पाहिली. आठ महिन्यांत एकदाही नाही. इस्माईलभाई जीपखाली गेले, मागच्या चाकाच्या मधली चकती सोडवून त्यांनी एक्सलची लांब दांडी बाहेर ओढली, टोक चिंधीने पुसलं आणि बोटाने खाचा मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. मग प्रकाशला मोजायला लावल्या.

"ह्या गाडीची मूळ धुरीच नाई ही," ते म्हणाले. "आधीच्या मालकानं दुसऱ्या गाडीची टाकली. तुमच्या वहीतलं एकबी यात बसत नाई."

मी प्रकाशकडे बघितलं. त्याचा चेहरा असा झाला की ओरडायचं राहून गेलं. नंतर ओरडायचं असं ठरवून मी बाहेर जाऊन दोन आलूबोंडे खाल्ले. तुम्ही जुन्या गाडीत लॉकर बसवायचा विचार करत असाल तर हे एवढं वाक्य लक्षात ठेवा: आधी धुरी खोला, खाचा मोजा, मग वाचत बसा. आमच्यासारखं उलट करू नका.

परत आले तर इस्माईलभाई माझीच वाट बघत होते. "बाई, गाडी चालवते कोन?"

"मी."

"एकट्या जाता?"

"बहुतेक वेळा."

"डांबर किती, चिखल किती?"

दोन दिवसांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. मी हिशोब करून सांगितलं, शंभर किलोमीटर डांबर असेल तर पाचसहा किलोमीटर चिखल. पावसात ओलं डांबर, वळणं, रस्त्यावर गुरं. गाडीत काचा.

"मंग आपोआपवाला नको. पाच किलोमीटरसाठी शंभर किलोमीटर जीव मुठीत काऊन धरायचा? अन् अर्धवट पकडनारा असते, त्याच्या प्लेटा झिजतात. एक चाक पुरं हवेत गेलं का तोबी हात टेकते. तुमाले बटनवाला पायजे, हवेचा. बटन दाबलं तर बांधला, सोडलं तर मोकळा. ह्या धुरीत बसनारा येते, मागवा लागन. आठ-दहा दिवस."

"हवेचा पाईप फुटला तर?" प्रकाशने विचारलं. "कम्प्रेसर बिघडला तर? जंगलात?"

"पाईपचा तुकडा अन् जोड गाडीत ठेवा. हवा त्याले वाटीभर लागते. कम्प्रेसर मेला तर सायकलच्या पंपानं भरा."

आता कोणीही शहाणा माणूस 'मागवा' म्हणाला असता. प्रकाश म्हणाला, "आज रात्री जरा पुन्हा बघतो. आता आकडाच बदलला नं." माझं डोकं फुटायचं बाकी होतं. इस्माईलभाईंनी दांडी परत बसवली आणि जाताना मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं, "उद्या फसले तर हँडब्रेक थोडा ओढून पाहा, अन् हळू ॲक्सिलेटर द्या. फिरनारं चाक जड होते, मंग ताकद दुसऱ्याकडे जाते. तुमचा हँडब्रेक मागच्या चाकाईवर हाय म्हनून चालन. काही जुन्या जीपात मधल्या शाफ्टवर असते, तिथी नाई चालत."

मुक्काम बसस्टँडजवळच्या लॉजवर केला. नऊशे रुपये, चादरी स्वच्छ, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच. खाणावळीत भात, वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. प्रकाश वहीचं नवीन पान काढून बसला. मी भिंतीकडे तोंड करून झोपले.

तिसरा दिवस. डिझेल गडचिरोलीतच भरून घ्या, रोख पैसे जवळ ठेवा. धानोऱ्यापर्यंतचा रस्ता चांगला आहे, साग आणि ऐनाच्या सावलीतला. धानोऱ्यानंतर आत वळलं की मोबाईल गप्प होतो. शेवटचे पाच किलोमीटर मातीचे. आणि मग तोच नाला.

पाणी घोट्याएवढंच होतं, पण पलीकडच्या चढावर गाळ साचलेला. मी खाली गेले, पाण्यातून बाहेर आले, आणि चढावर मागचं डावं चाक बसलं. तेच चाक! प्रकाश खाली उतरला, वाकून बघितलं आणि उत्साहाने म्हणाला, "अगदी शुद्ध उदाहरण आहे हे! बघ, उजवं जागचं हलतसुद्धा नाही." आणि त्याने फोन काढून फोटो घेतला.

"फोटो मग काढा!" मी इतक्या जोरात ओरडले की झाडावरचे बगळे उडाले. "दगड आणा!"

हँडब्रेक दोन दाते ओढला, हळू पाय दिला. उजवं चाक खरंच हललं. गाडी वीतभर पुढे आली आणि पुन्हा डावीकडे कलली. दुसऱ्यांदा तेच. गाळ फार खोल होता. प्रकाश चपला काढून दगड वाहत होता, गुडघ्यापर्यंत चिखल, शर्ट पाठीला चिकटलेला. गाडीची घरघर ऐकून गावाकडून ललिताताई आल्या, बरोबर सहासात बाया. त्यातल्या दोघींनी न बोलता वाळलेल्या ऐनाची एक जाड फांदी आणली आणि बसलेल्या चाकामागे तरफेसारखी लावली. आपसांत गोंडीत काहीतरी बोलून त्या हसल्या.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हनतात, तुमच्या गाडीचं एक चाक कमावते अन् एक बसून खाते," ललिताताई म्हणाल्या. "आमच्या घरी बी असंच हाय म्हनतात."

बायांनी फांदीवर भार दिला, चाक उचललं गेलं, प्रकाशने खाली दगड सारले, मी हँडब्रेक ओढून पाय दिला. या वेळी दोन्ही चाकांनी धरलं आणि जीप वर आली. प्रकाश पाठीवर चिखलात पडला. कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या बाईने त्याला हात देऊन उठवलं.

चष्मे एकदाचे वाटले गेले. समाजमंदिराच्या ओट्यावर एकेकीला बसवून नाकावर नीट बसतो का ते बघायचं, कानामागे वाकवायचं. सत्तरीतल्या सोमारीबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दूरचा नंबर. चष्मा लावल्यावर त्यांनी आधी झाडांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग बराच वेळ माझ्या तोंडाकडे.

"तू तर माह्याच वयाची दिसून राह्यली व बाई," त्या म्हणाल्या. "आवाजावरून मले वाटे पोरगी हाय."

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. सगळ्यात जास्त प्रकाश हसला.

त्यांनी आम्हाला भात आणि अंबाडीची भाजी खाऊ घातली. परतताना प्रकाश अंगावरचा चिखल खरवडत होता. धानोऱ्याच्या जवळ आल्यावर म्हणाला, "मी आठ महिने काऊन लावले माहीत आहे?"

"तुम्हाला वाचायला आवडते म्हणून."

"तू एकटी जातेस. मी निवडलेला चुकीचा निघाला आणि तू एखाद्या वळणावर… जिवतीला गाडी सरकली तेव्हा मी मागे बसलो होतो. मला काही करता येत नव्हतं. हातात वही होती फक्त."

मी गाडी बाजूला घेतली. मला राग आला, रडूही आलं, आणि पुन्हा राग आला. "हे आठ महिन्यांपूर्वी सांगायला काय झालं होतं? मी एकटी जाते हे मला माहीत आहे. मग चालवणारीलाच ठरवू द्यायचं."

"मग ठरव."

"हवेचा. बटनवाला. फोनला रेंज आली की इस्माईलभाईंना सांगते."

"ठीक आहे," तो म्हणाला. त्याने वही उघडली नाही.

दहाव्या दिवशी लॉकर आला. किंमत सांगत नाही. आमच्या जीपच्या निम्म्याहून थोडी कमी एवढं पुरे. बसवायला दोन दिवस लागले, कारण आतल्या दातेरी चक्रांमधली फट पुन्हा जुळवावी लागते, आणि हे काम घाईने करणाऱ्याकडे गाडी देऊ नका. बटन स्टिअरिंगच्या डावीकडे बसवलं. दाबलं की मागून बारीक 'फुस्' असा आवाज येतो. डांबरावर ते विसरून जाता येतं, आणि मला तेच हवं होतं. एक इशारा: बटन दाबून कडक जमिनीवर वळू नका, गाडी सरळच जायला बघते.

लॉकर बसल्यावर, ललिताताई धानोऱ्याच्या बाजाराला आल्या असताना, मी त्यांना फोन केला, आता पावसातही येता येईल म्हणून. त्यांनी लगेच विचारलं, "मंग पलीकडच्या टोल्यातली नावं सांगू का बाई?"

"कोणता टोला?"

"डोंगरामागचा, लहानशी वस्ती हाय. तिथी अकरा जणाईले चश्मे पायजे. एक पोरगी शिवणकाम करते, सुई ओवता येत नाई तिले. तीन वर्स झाले."

"तीन वर्षं! मला सांगितलं काऊन नाही?"

"तुमची गाडी इथवरच कशीबशी ये. तुमाले उगाच लाज वाटन म्हनून नाई सांगितलं."

फोन ठेवला तेव्हा कुठे लक्षात आलं. मला वाटत होतं, मी त्या गावांना पोचते. प्रत्यक्षात त्या बाया मला सांभाळून घेत होत्या, माझी गाडी जिथवर जाते तिथपर्यंतच्याच गरजा मला सांगत होत्या. त्या दिवसापासून मी नव्या गावात गेले की तपासणी संपल्यावर आणखी एक प्रश्न विचारते: यापुढे कोण राहतं?

मागच्या मंगळवारी टोल्यावर जाऊन आले. बटन दोनदा दाबावं लागलं. शिवणकाम करणाऱ्या मुलीने चष्मा लावला, सुई उजेडाकडे धरली, दोरा पहिल्याच वेळी आत गेला. तिने तो काढून घेतला आणि पुन्हा ओवला.